कार्यालयातले नेट जाते, पण एकदम सगळ्यांचे का जात नाही?

प्रश्न : सदाशिव पेठेत माझे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. नऊ संगणक, दोन प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर एवढा पसारा आहे. लाइन फायबरची, १०० एमबीपीएसची आहे. उन्हाळ्यात लगतची मागची खोली घेतली, तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा नेट जाते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तर हमखास जाते. मात्र सगळ्यांचे एकदम जात नाही. तिघांचे बंद असते तेव्हा शेजारच्या टेबलावर चालू असते. ज्यांचे जाते त्यांना टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअरही उघडत नाही आणि प्रिंटही देता येत नाही. राउटर बंद करून चालू केला की तास-दोन तास बरे चालते. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘लाइन ठीक आहे’ असे सांगून गेला. आमचा संगणक दुरुस्तीवाला महाग राउटर घ्या म्हणतो, भाचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणतो. २० तारखेच्या सुमारास जीव मेटाकुटीला येतो. दोष नेमका कुणाचा आणि खर्च कशावर करावा? मागच्या खोलीत घरचा एक जुना वायफाय राउटर आणून लावला आहे, पण त्याच्या सगळ्या पट्ट्या पूर्ण दिसतात, त्यामुळे त्यात काही दोष नसावा.
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : पत्रातले शेवटचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या मते सबंध पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. म्हणून आधी थेट सांगते : नवा राउटर घेऊ नका, प्लॅन वाढवू नका आणि कंपनीच्या माणसाला दोष देऊ नका, कारण त्याने सांगितले ते बहुधा खरे आहे. बिघाड आपल्या कार्यालयाच्या भिंतींच्या आतच आहे असे आपण दिलेली लक्षणे सांगतात आणि तो जवळजवळ फुकटात दूर होण्याजोगा आहे.

या निष्कर्षाप्रत मी टॅलीमुळे आले. टॅलीचा डेटा आपल्याच कार्यालयातल्या एका संगणकावर आहे असे मी धरून चालते. तो उघडण्यासाठी इंटरनेटची गरज नसते. एका संगणकापासून दुसऱ्या संगणकापर्यंतची केबल, मधला स्विच (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) आणि दोघांचे पत्ते जुळलेले असणे एवढेच पुरते. प्रिंटरचेही तसेच आहे. रस्त्यावर कुणी फायबर तोडली असती तर नऊच्या नऊ जणांचे नेट एका क्षणी गेले असते आणि टॅली व प्रिंटर मात्र सगळ्यांचे बिनबोभाट चालू राहिले असते. आपल्याकडे नेमके उलट घडते आहे. काहींचेच जाते, पण ज्यांचे जाते त्यांचे बाहेरचे आणि आतले असे दोन्ही जाते. म्हणजे त्या वेळी ते संगणक कार्यालयाच्या नेटवर्कपासूनच वेगळे पडलेले असतात. लाइनचा वेग दुप्पट केला तरी वेगळा पडलेला संगणक वेगळाच राहणार.

आता ते वेगळे का पडतात ते पाहू. नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो आणि तो वाटण्याचे काम राउटर करतो; या कामाला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू झाला, झोपेतून जागा झाला किंवा त्याची केबल निघून पुन्हा लागली, की तो नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी मागणी करतो आणि ज्या यंत्राचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता सहसा स्वीकारतो. उत्तरात पत्त्याबरोबर ‘बाहेर जायचे असेल तर माझ्याकडे या’ असेही सांगितलेले असते. त्याला गेटवे म्हणतात. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे यंत्र एकच असावे हे या व्यवस्थेत गृहीत आहे. घरून आणलेला राउटर हा मात्र पूर्ण राउटर आहे आणि बहुतेक राउटर विकत घेतल्यापासूनच पत्ते वाटण्यासाठी तयार असतात. त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतली यंत्रे जोडायच्या खाचेत, आपली केबल खोचली गेली असेल, तर त्या क्षणापासून आपल्या कार्यालयात पत्ते वाटणारे दोघे झाले. एकाच पेठेत दोन टपाल कचेऱ्यांनी घरांना आपापले क्रमांक द्यावेत, तशी ही स्थिती आहे.

समजा मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि जुन्या राउटरचा १९२.१६८.०.१. ज्या संगणकाला मुख्य राउटरने १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दिला, त्याचे सगळे सुरळीत चालते. ज्याला जुन्या राउटरने १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता दिला, तो बाहेर जाण्यासाठी त्या जुन्या राउटरकडे जातो, पण त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरची लाइन जोडायच्या खाचेत, काहीच नसल्यामुळे त्याच्याकडे बाहेर जाण्याचा रस्ताच नसतो. टॅलीचा संगणक १९२.१६८.१ च्या गटात असल्यामुळे तोही या संगणकाला परका होतो. वायफायच्या पट्ट्या मात्र पूर्ण दिसतात, कारण त्या आपल्यापासून जवळच्या राउटरपर्यंतचा सिग्नल दाखवतात; त्या राउटरच्या पलीकडे काही आहे की नाही हे त्या सांगत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीचा उलगडाही यातून होतो. नीट चाललेला संगणक पत्त्याची निम्मी मुदत संपली की ज्याने पत्ता दिला त्याच राउटरकडे मुदतवाढ मागतो, त्यामुळे काम सुरू असेपर्यंत तो सहसा बिघडत नाही. पण जेवायला उठलेल्या माणसाचा संगणक अर्ध्या तासात झोपी जातो आणि परत आल्यावर जागा होताना पुन्हा सगळ्यांना विचारतो. त्या वेळी जुन्या राउटरने आधी उत्तर दिले की तो संगणक चुकीच्या गटात जातो. मुख्य राउटर बंद-चालू केल्यावर त्याला थेट जोडलेली आणि त्याच्या वायफायवरची यंत्रे नव्याने पत्ते मागतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना योग्य पत्ता मिळतो आणि ‘रीस्टार्टने बरे झाले’ असे वाटते. वीज क्षणभर जाऊन आली तरी हाच गोंधळ होतो, कारण यूपीएस नसलेला स्विच आणि राउटर त्या झटक्यात नव्याने सुरू होतात.

हा तर्क पक्का पटत असला तरी तो तपासल्याशिवाय खरा मानू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी पुढच्या वेळी नेट गेले की पहिली दहा मिनिटे राउटरला कुणीही हात लावू नये असे सर्वांना बजावून ठेवा. रीस्टार्टमुळे बिघाड जातो असे वाटते, पण बिघाड कुठे होता हे सांगणारी सगळी चिन्हेही त्याबरोबर पुसली जातात. कंपनीच्या माणसाला दोन्ही वेळा काही सापडले नाही, त्याचेही हेच एक कारण असावे.

या दहा मिनिटांत बंद पडलेला एक संगणक आणि चालू असलेला एक संगणक यांच्यासमोर दोघांनी बसावे. कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. काळी खिडकी उघडेल. तीत आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून ए-एल-एल असे इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. भराभर बऱ्याच ओळी येतील. त्यांतल्या फक्त चार हव्या आहेत : आयपीव्ही४ ॲड्रेस, डीफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस सर्व्हर्स. त्या एका कागदावर वेळेसह उतरवून घ्याव्यात किंवा मोबाइलवर त्यांचा फोटो काढावा. लॅपटॉपवर वायफाय आणि केबल अशा दोन्हींचे वेगवेगळे गट दिसतात. जो जोडलेला असेल त्याच्याच ओळी घ्याव्यात.

दोन्ही संगणकांवर डीएचसीपी सर्व्हरच्या पुढे वेगवेगळे आकडे दिसले, तर शोध तिथेच संपला, चोर सापडला. दोन्हींवर तोच आकडा असेल, तर जुन्या राउटरचाही पत्ता कदाचित १९२.१६८.१.१ च असेल आणि दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगत असतील. अशा वेळी टॅली चालते पण बाहेरचे नेट ये-जा करते, त्यामुळे आपल्या वर्णनाशी ते तितकेसे जुळत नाही. बंद संगणकावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र बाब निराळी आहे : त्या संगणकाने मागणी केली, पण कुणाचेच उत्तर त्याच्यापर्यंत आले नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला. त्याचा विचार पुढे केला आहे.

नोंद झाली की उपचार सोपा आहे. मागच्या खोलीतल्या राउटरची मुख्य नेटवर्कशी असलेली केबल काढा आणि एक लॅपटॉप फक्त त्या राउटरलाच जोडा. ब्राउझरमध्ये त्या राउटरचा पत्ता लिहून त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो. तिथे ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडला की काम झाले, कारण त्या मोडमध्ये राउटर पत्ते वाटणे सोडून देतो आणि केवळ वायफाय पुरवतो. पर्याय नसेल तर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतील आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून मुख्य राउटरच्या गटातला, पण त्याच्या वाटपात नसलेला पत्ता द्या. उदाहरणार्थ, मुख्य राउटर १९२.१६८.१.१०० पासून १९९ पर्यंतचे पत्ते वाटत असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरून सर्वांत शेवटी डीएचसीपी बंद करावे. ते आधी बंद केले तर लॅपटॉपलाच पत्ता मिळत नाही आणि माणूस बाहेर अडकतो. मग मुख्य नेटवर्कची केबल परत त्याच्या लॅन पोर्टमध्येच जोडावी, वॅनमध्ये नाही. शेवटी कार्यालयातले सगळे संगणक एकदा रीस्टार्ट करावेत, नाहीतर चुकीचे पत्ते घेतलेले संगणक मुदत संपेपर्यंत तेच धरून बसतील.

केबल वॅन पोर्टमध्ये लावली तरी भागेल, असे कुणीतरी आपल्याला नक्की सांगेल. त्याने नेट चालते हे खरे, परंतु मागची खोली हे मग स्वतंत्र नेटवर्क होते आणि पुढच्या खोलीतून तिथला प्रिंटर दिसेनासा होतो. टॅली आणि प्रिंटर दोन्ही खोल्यांनी वापरायचे असल्यामुळे आपल्याला ते सोयीचे नाही.

त्याच बैठकीत आणखी एक काम करून घ्या. टॅलीचा संगणक, दोन्ही प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि डीव्हीआर यांचे पत्ते बदलता कामा नयेत, म्हणून मुख्य राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाने जी सोय असते तिथे या पाचही यंत्रांना कायमचे पत्ते नोंदवून द्या. अनेक कार्यालयांत प्रिंटर किंवा डीव्हीआर बसवणारा माणूस यंत्रावर हाताने एखादा पत्ता टाकून जातो, राउटरला त्याची खबर नसते आणि काही दिवसांनी राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन मोकळा होतो. मग प्रिंटर कधी सापडतो, कधी सापडत नाही, आणि सगळे प्रिंटरला नावे ठेवतात.

आता, तर्क चुकला तर काय करावे हे सांगते. पिंग नावाची आज्ञा यासाठी पुरेशी आहे. त्याच काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी, एक जागा आणि पुढे पत्ता लिहिला की संगणक त्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. आधी मुख्य राउटरला हाक मारा, म्हणजे १९२.१६८.१.१ ला. त्यानंतर ८.८.८.८ ला, हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आहे आणि तो जवळजवळ नेहमी उत्तर देतो. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष आपल्या संगणकापासून राउटरपर्यंतच्या टप्प्यात आहे आणि कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, असे सगळ्यांकडेच होत असेल, तर दोष राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे, म्हणजे लाइनमध्ये आहे. आकड्यांच्या पत्त्याचे उत्तर येते पण नावाचे येत नाही, तर दोष डीएनएसचा आहे. मुख्य राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहून पाहावे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा राउटरकडूनच उत्तर येत नसेल, तर माझी पहिली शंका मागच्या खोलीकडे गेलेल्या केबलवर राहील. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांत आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत एका खोलीतून दुसरीत केबल नेताना ती खिडकीतून बाहेर काढून पुन्हा आत घेतलेली मी अनेकदा पाहिली आहे. खोलीच्या आत वापरायची साधी केबल उन्हात दोन-तीन उन्हाळे काढून कडक होते, तिच्या आवरणाला भेगा पडतात आणि जून-जुलैत त्यांतून पाणी शिरते. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १००० एमबीपीएसच्या जोडणीला चारही लागतात, १०० च्या जोडणीला दोनच. त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी पूर्ण बंद न पडता १०० वर येते किंवा हलवली की जाते-येते, आणि म्हणूनच हा दोष ओळखणे कठीण जाते. लांबीची मर्यादा १०० मीटर असते, तिची आपल्याला चिंता नाही. केबल विजेच्या वायरच्या पट्टीतून एकत्र नेलेली नाही, दाराच्या फटीत चिरडलेली नाही आणि खुर्चीच्या चाकाखाली येत नाही, एवढे मात्र स्वतः चालत जाऊन पाहा. शंका असेल तर नवी केबल जमिनीवरून तात्पुरती टाकून एक दिवस काम करून पाहावे. जुन्या केबलच्या टोकांना नवे कनेक्टर बसवत राहण्यापेक्षा ते लवकर होते.

कधी कधी टेबलाखाली पडलेले केबलचे मोकळे टोक ‘निघालेले दिसते’ म्हणून कुणी सद्भावनेने त्याच स्विचमध्ये खोचून देतो, आणि एकाच केबलची दोन्ही टोके एका स्विचमध्ये जातात. साध्या स्विचला हे ओळखता येत नाही. सगळ्यांना उद्देशून पाठवलेले संदेश मग त्या वेटोळ्यात फिरत राहतात, स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी अखंड लुकलुकू लागतात आणि मिनिटभरात संपूर्ण कार्यालय ठप्प होते. आपली लक्षणे ही नाहीत, पण नवी खोली जोडल्यावर हा अपघात होऊ शकतो, म्हणून केबलींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीने क्रमांक लावून ठेवावेत.

वायफायबद्दल थोडक्यात. पेठांमध्ये इमारती इतक्या खेटून आहेत की मोबाइलवर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) म्हणजे १, ६ आणि ११ एवढ्याच, त्यामुळे गर्दी अटळ आहे. आपल्या दोन राउटरना यांतल्या वेगवेगळ्या वाहिन्या द्या आणि शक्य त्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या, मात्र जाड भिंतीपलीकडे तो पट्टा लवकर क्षीण होतो हे लक्षात असू द्या. विवरणपत्रे भरणारे संगणक तर वायफायवर ठेवूच नयेत. त्यांना केबलच हवी.

२० तारखेच्या त्रासाचा विचार वेगळा करायला हवा, कारण तो कदाचित याच बिघाडाचा भाग नसेल. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी या विवरणाची मुदत २० तारखेला असते आणि त्या दिवशी पोर्टलवर देशभरातून गर्दी असते. एखादे पान उघडत नसेल तर तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहा. तिथेही अडकत असेल तर आपले नेटवर्क निर्दोष आहे आणि थांबण्याखेरीज, किंवा खरे तर १८ तारखेलाच काम उरकण्याखेरीज, इलाज नाही. मोबाइलवर लगेच उघडले तर कार्यालयातून बाहेर जाणारी वाट तुंबली आहे का ते पाहावे. पिंगच्या आज्ञेपुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर लिहिले की हाका थांबेपर्यंत चालू राहतात. थांबवायला कंट्रोल आणि सी. एरवी ८.८.८.८ चे उत्तर साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांत येते. ते अचानक तीनशे-चारशेवर गेले आणि राउटरचे उत्तर मात्र एक-दोन मिलिसेकंदांतच येत राहिले, तर कुणीतरी मोठ्या फाइली वर चढवतो आहे असे समजावे. स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा ढीग क्लाउडवर जात असतो, नाहीतर डीव्हीआर कॅमेऱ्याची चित्रे बाहेर पाठवत असतो. काही प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, तोही तपासून घ्या. क्लाउडचा बॅकअप रात्री ९ नंतर लावला आणि राउटरमध्ये डीव्हीआरच्या अपलोडवर मर्यादा घातली की हे थांबते. एका व्हिडिओ बैठकीला ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, आणि पोर्टलवरचे काम त्याहून हलके असते. नऊ माणसांना १०० एमबीपीएस कमी पडत नाहीत, म्हणून भाच्याचा सल्ला मनापासून असला तरी तो आपल्या रोगावर नाही.

लाइनचा दोष खरोखर असेल तेव्हा तो वेगळा दिसतो. कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा. एल-ओ-एस हा दिवा लाल झाला की प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे फायबर तुटली किंवा फार वाकली. पेठांत अनेक ठिकाणी ती अजूनही खांबांवरून आणि गच्च्यांवरून आणलेली आहे, त्यामुळे फांद्या तोडताना किंवा रस्ता खणताना ती तुटते. कंपनीचा माणूस आला की त्याला डब्यापाशी येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून कागदावर लिहायला सांगा. प्रचलित जीपॉन प्रकारच्या फायबर जोडणीत ती सर्वसाधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) दरम्यान असावी लागते. उणे २६-२७ च्या आसपास असेल तर आज चालणारी लाइन उद्या पावसात ढेपाळू शकते. तक्रार केली की तिचा डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, आवर्जून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. वेळ आणि पिंगचे आकडे लिहिलेली वही अशा वेळी तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी जड ठरते.

आपल्या व्यवसायामुळे एक काळजी मला वाटते, ती आपण विचारली नसली तरी लिहिते. आपल्या संगणकांवर शेकडो लोकांचे पॅन, बँक खात्यांचे तपशील आणि विवरणपत्रे आहेत. समोर बसलेल्या अशिलाला वायफायचा पासवर्ड दिला की त्याचा मोबाइल त्याच नेटवर्कवर येतो जिथे टॅलीचे फोल्डर सर्वांना खुले आहे. मुख्य राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून बाहेरच्यांना तेवढेच द्या, दोन्ही राउटरचे सुरुवातीचे पासवर्ड बदला, आणि घरच्या जुन्या राउटरला निर्मात्याकडून नवे फर्मवेअर (राउटरच्या आतले सॉफ्टवेअर) मिळणे बंद झाले असेल तर त्याच्या जागी साधा ॲक्सेस पॉइंट आणा.

खर्च करायचाच असेल तर तो असा करावा. फायबरचा डबा, मुख्य राउटर आणि स्विच या तिघांनाही पुरेल असा एक छोटा यूपीएस घ्या. तिघांपैकी एक जरी बाहेर राहिला तरी वीज गेल्यावर नेट जाईलच. मागच्या खोलीची केबल खिडकीबाहेरून जात असेल तर बाहेरच्या वापरासाठी बनवलेली नवी केबल टाका. २० तारखेसाठी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एक मोबाइल चार्ज करून ठेवा आणि तो यूएसबीने संगणकाला जोडून नेट कसे घ्यायचे हे दोघांना आधीच शिकवून ठेवा.

जुन्या राउटरचे डीएचसीपी बंद करून पूर्ण आठवडा गेल्यावरही जेवणानंतर नेट जात असेल, तर बंद आणि चालू अशा दोन्ही संगणकांवरच्या त्या चार ओळी, तिन्ही पिंगचे आकडे आणि त्या वेळी फायबरच्या डब्यावर कोणते दिवे होते हे मला लिहून कळवा. तोवर राउटर बदलू नका.